हातातला गूळ

आमचं मूळ गाव तुमसरच्या पलीकडं, वैनगंगेच्या अंगानं, धानाचं गाव, म्हंजे सकाळी भात, दुपारी भात, रात्री भात, आन मधात भूक लागली तं भाताची पेज. मी केशव, पन केशव मले कोनी म्हनत नाही, घरी केश्या म्हनतात आन इथं भिलाईत तं नकल्याच म्हनतात, काऊन का मी साऱ्यायच्या नकला करतो. लहानपनापासून करतो मास्तर, तुमी लिहून घ्या. गावात कोतवालाची करो, बाबानं तुमसरच्या शाळेत टाकलं तं तिथं हेडमास्तरची केली, हेडमास्तर मागून येऊन उभे होते आन मी त्यायचंच खोकलन खोकून राहिलो, सारी क्लास चूप, मले वाटलं काय साधली नकल, पोट्टे दंग झाले. मग पाठीत बसली. पन नकल साधली होती हे खरं, काऊन का मारता मारता ते बी तसेच खोकले.

तुमी इचारलं का ही शक्करची बिमारी मले कवा लागली. आता कवा लागली ते मले नाही सांगता येत, पन आमच्या घरात कवा आली ते सांगतो. माही एक बहीन होती, गोदा, माह्याहून मोठी, लगनाची झाली होती. माही पयली पब्लिक तीच, माह्या नकला पाहून पोट धरून हसे. ती पोट्टी एका उन्हाळ्यात पानी प्याले लागली. उन्हाळ्यात कोन पीत नाही? पन पाऊस लागला तरी पीत राहे, थंडी पडली तरी पीत राहे, रांजनापाशीच बसून राहे, खाये बी भरपूर, आन तरी दिवसादिवसानं वाळत चालली. मायनं पाह्यलं का गोदा मागच्या आंगनात जिथं लघवीले बसते तिथं मुंग्या लागतात, रांगच्या रांग. मायनं कोनाले सांगतलं नाही, रोज त्याच्यावर राख टाकून देये. लगनाची पोट्टी, कोनाले सांगन? गावानं म्हनलं बाहेरचं लागलं, बाबानं मांत्रिक आनला, त्यानं लिंबं कापली, कोंबडं घेतलं आन गेला. शेवटी शेवटी गोदा जोरजोरानं श्वास घ्याले लागली आन तिच्या तोंडाले वास ये, पिकल्या सीताफळासारखा. काय सांगू तुमाले, घरात फळ नाही, झाडावर फळ नाही, आन साऱ्या खोलीत सीताफळाचा वास. आमी पोट्टे म्हनो मायनं कोठं लपवलं. दुसऱ्या दिवशी गोदा गेली. मी तवापासून सीताफळ खाल्लं नाही, आन आता तं डाक्टरच खाऊ देत नाही, म्हंजे तो सवालच मिटला.

माहा मोठा भाऊ, दादा, तो भिलाईले लोखंडाच्या कारखान्यात पयले आला. तवा इथं काहीच नव्हतं म्हनते, लाल मुरूम, तंबू, आन सारा दिवस धूळ. दादा फिटरचं काम शिकला, पयली भट्टी पेटली त्याच्यानंतर त्याले कामगारायच्या कॅम्पात क्वार्टर भेटलं, लगन झालं, वयनी आली, आन मग मले निरोप आला का ये, इथं मानसं पाह्यजेत. दादा असा मानूस आहे का बोलत नाही, आन हसत तं बिलकुलच नाही. मी त्याच्यापुढं रशियन साहेबाची नकल केली, वयनी लोळून लोळून हसली, दादा म्हनते, भाजी वाढ.

नकल्यासाठी तं भिलाई म्हंजे जत्रा होती जी. एकीकडून रशियन येते, दवाय दवाय करते, म्हंजे चला चला, आन सारं नीट झालं का खराशो म्हनते. तिकडून पंजाबी ठेकेदार, ओय की कर रिया है. आमचा फोरमन बंगाली, त्याले केशव म्हनता येत नाही, ऐ केशोब, तुम काम कोरेगा के खाली नाचेगा? मी आठ दिवसांत साऱ्यायचे आवाज उचलले. भट्टीच्या कास्ट हाऊसात मले लावलं, तिथं भट्टीतून लोखंड निघते आन जमिनीतल्या नालीतून पान्यासारखं वाहत जाते, ती नाली साफ करायची, रेती भरायची, थंड झालेलं खरपडून काढायचं, हे आमच्या गँगचं काम. तोंड भाजते, पापन्या भाजतात, पन मी कामाले आलो का गँगची सुट्टीची घंटा झाल्यासारखी. दोन मिनिटं बसले का म्हनत, नकल्या, होऊन जाऊ दे.

आन सगळ्यात जास्त कोनती मागत, तं दारुड्याची. पाय वाकडे, जीभ जड, डोळे अर्धे मिटलेले, घाम पुसत पुसत बोललो का पुढचं मागं आन मागचं पुढं. इतकी साधली होती का एक नवीन खलाशी, म्हंजे हेल्पर, आला होता, तो खरोखर मले खांद्यावर टाकून आरामशेडापाशी झाडाखाली नेऊन ठेवून आला, आन मी तिथून पळत वापस येऊन त्याच्या आधी जागेवर उभा. हसून हसून गँगच्या पोटात दुखलं.

आता गुळाचं सांगतो, कारन त्याच्याबिगर पुढचं समजायचं नाही. आमच्या गँगमधी मेटजवळ, मेट म्हंजे गँगचा मुख्या, एक पत्र्याचा डब्बा राहे, त्यात गूळ. भट्टीची धूळ गळ्यात बसते, गूळ खाल्ला का उतरते असं सारे मानत. लोखंड काढून झालं का मेट सगळ्यायच्या हातावर एक एक ढेकूळ ठेवे, मग वरून पानी. त्याले नाही म्हनायचं नाही. भट्टीपुढचा गूळ जो नाकारीन त्याच्यावर भट्टी रुसते, असं मेट म्हने, आन एक जन नाही म्हनला होता त्याचा पाय भाजला, हे बी तो दर वेळी सांगे. माह्या बाजूले बिसाहू बसे. बिसाहू इथून जवळच्या उतई गावचा, छत्तीसगढी, घरी थोडी शेती, मोठ्या हाडाचा, आवाज बारीक. सकाळी बासी, म्हंजे रातचा भात पान्यात भिजवून, तेच खाऊन ये आन दिवसभर बैलावानी काम करे. माही दोस्ती त्याच्यासंगच जमली, कावून का माहीत नाही. तो माह्या नकला समजे बी नाही अर्ध्या, पन सगळे हसले का तो सगळ्यायच्या नंतर हसे, आन हसला का थांबे नाही.

मग मले तहान लागाले लागली.

आता तुमीच सांगा, भट्टीपुढं कोनाले तहान लागत नाही? तिथं मानूस बालटीनं पानी पेते. मी दोन मानसांचं प्यालो तं कोनी पाह्यलं नाही, मी बी नाही पाह्यलं. वाळलो, तं म्हनलं भट्टी चरबी खाते, साऱ्यायची खाते. थकलो, तं म्हनलं काम आहे. रातचे चार डाव उठलो, तं म्हनलं पानीच इतकं पेतो. हरेक गोष्टीचं उत्तर भट्टीपाशी होतं. गोदा माह्या डोळ्यापुढं गेली होती, आन तरी मले गोदा आठवली नाही, हे तुमाले खरं वाटते काय? मले आता वाटत नाही.

वयनीले आठवली. वयनीनं गोदाले पाह्यलं बी नव्हतं, पन मायनं तिले कवातरी ते मुंग्यायचं सांगतलं होतं, बाईनं बाईले सांगावं तसं. क्वार्टराच्या मागं मोरी आहे, मी तिथं जाओ. एक दिवस जेवता जेवता वयनी दादाले हळूच म्हनते, अजी, मोरीपाशी मुंग्या लागून राहिल्या. बस, इतकंच. दादाच्या हातात भाकर होती, त्यानं ती ताटात ठेवली. माह्याकडं पाहत राहिला. मी म्हनलं काय झालं, साखर सांडली असन. दादा म्हनते, तोंड उघड. मी म्हनलं आँ? तोंड उघड म्हनतो ना. आन दादानं उठून माह्या तोंडाजवळ नाक नेऊन वास घेतला. मास्तर, माहा दादा, जो कोनाच्या अंगाले हात लावत नाही. तवा मले गोदा आठवली.

वास आला नव्हता अजून. पन दुसऱ्या दिवशी दादानं सुट्टी टाकली आन मले डाक्टरकडं नेलं, गोदाचं बी त्याले सांगतलं. डाक्टर साहेब चांगला मानूस, पन घाईचा, बाहेर मोठी रांग. काचेची नळी घेतली, त्यात निळं औषध टाकलं, आकाशासारखं साफ निळं, त्यात माही लघवी टाकली थेंब थेंब, आन खालून दिवा लावला. मी पाहून राहिलो. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं झालं, आन मग इटेसारखं लाल. दादा म्हनते, लाल म्हंजे काय साहेब? डाक्टर म्हनते, लाल म्हंजे लय शक्कर. माह्या तोंडून निघून गेलं, साहेब, मंग मले चहात घोळून पेऊ काय? कोनी नाही हसलं. डाक्टर म्हनते, सुन, हँसी की बात नहीं है, रोज सुई लेनी पडेगी, जिंदगी भर, जिस दिन छोडी उस दिन तेरी बहन का रस्ता. मी म्हनलं, साहेब, संडेची सुट्टी? तरी नाही हसला.

घर म्हंजे मग दवाखाना झालं. काचेची पिचकारी, लोखंडाची सुई, रोज भगोन्यात उकळायची. तसंच निळं औषध आन नळी बी घरी आनली, वयनी रोज संध्याकाळी माही लघवी तपाशे. सुई रोज रोज टोचून बोथट होये, तं दादा दुकानातून, म्हंजे वर्कशापातून, बारीक घासायचा दगड आने आन सुट्टीच्या दिवशी खिडकीत बसून सुई घाशे, डोळ्यापाशी धरून पाहे, परत घाशे. औषधाची बाटली गार पाह्यजे, आमच्याकडं बर्फ कोठचा, तं वयनीनं मडक्यात ओली रेती भरली आन त्यात बाटली पुरली, वरून ओलं फडकं. टोचायचं शिकाले सिस्टरनं सांगतलं संत्र्यावर शिका. सिस्टर केरळची, तिची बी नकल मले येते, पन ती नाही करत मी, तिनं लय केलं माह्यासाठी. वयनीनं संत्रं घेतलं, टोचलं, टोचलं, त्या संत्र्याचं चाळन झालं, मग माह्या मांडीकडं वळली तं तिच्याच डोळ्यात पानी. मी म्हनलं वयनी, संत्रं रडलं नाही, तुमी कावून रडता?

भात बंद. आता धानाच्या गावचा पोट्टा, त्याचा भात बंद करन म्हंजे काय ते तुमाले नाही समजायचं. एक कटोरी भेटे, लहान, देवाच्या प्रसादाची असते तशी. बाकी ज्वारीची भाकर, मेथी, लाल भाजी, कारलं. कारल्याचा रस उपाशी पोटी. मी कारल्याची बी नकल केली एक दिवस, वयनी हसली, दादा म्हनते, पे. रातच्याले पाय धुवून तळवे पाहायचे, जळलं आहे का, फोड आहे का, काऊन का आमच्या बुटात ठिनगी गेली तं समजत नाही आन असल्या पायाची जखम भरत नाही. आन सगळ्यात मोठं म्हंजे टाइम. भोंगा झाला का सुई, सुई झाली का जेवन, त्यात इकडचं तिकडं नाही. सिस्टरनं ते नीट समजावलं होतं. म्हने, सुईले डोळे नसतात. ती एकदा आत गेली का शक्कर खात सुटते, तू जेवला तरी खाते, नाही जेवला तरी खाते. नाही जेवला तं हात थरथरन, घाम सुटन, जीभ जड होईन, वेड्यासारखं बोलशीन, मग बेशुद्ध, आन मग मरशीन. तसं झालं का तवाच्या तवा गूळ, शक्कर, जे भेटन ते, इचारायचं नाही. म्हनून वयनी माह्या खिशात खडीसाखरेची पुडी ठेवे.

आता प्लांटात हे कोनाले सांगन? मी तवा कच्चा होतो, नोकरीत पक्का व्हायचा होतो. शक्करवाल्याले भट्टीपुढून काढतात, आन कच्च्याले काढलं म्हंजे घरीच पाठवलं. दादा म्हने सांग, मी म्हनो पक्का होऊ दे मग सांगतो. असं चाललं होतं.

पन गुळाचं काय? मेट हातावर ढेकूळ ठेवे, नाही म्हनता येत नाही. मी तोंडाजवळ नेल्यासारखं करो आन बिसाहूच्या हातात सरकवो. बिसाहू दोन दिवस खाऊन गेला, तिसऱ्या दिवशी म्हनते, कइसे ग, तैं काबर नइ खावस? म्हंजे तू कावून खात नाही? मंग त्याले सांगतलं. म्हनलं, भाई, मले अशी बिमारी आहे का गूळ म्हंजे मले जहर. माही बहीन यानंच मेली. त्याचं तोंड असं झालं का बस. माहा हात धरला, भट्टीकडं तोंड केलं आन म्हनते, मोर किरिया हे, मोर रहत ले तैं गूळ नइ खावस. म्हंजे शपथ, मी असतपर्यंत तुले गूळ खाऊ देनार नाही. मी पुढचं बी सांगनार होतो, का बाबा कवा कवा उलटं बी होते, पन तितक्यात मेटनं हाक मारली, नालीवर गेलो, आन ते राहून गेलं. मग रोज माहा गूळ बिसाहू ठेवून घे. स्वतः बी खाये नाही, घरी लेकराले नेये.

गनपतीत कॅम्पात मी नकलेचा प्रोग्राम केला, वयनी बायांमधी बसली होती. दारुड्याची सुरू केली तं सारा मंडप उसळला, आन मी पाह्यलं, वयनी हसत नव्हती. घरी आलो तं म्हनते, भाऊजी, ही नकल नका करत जाऊ. मी म्हनलं कावून, बायायले दारूचं नाव आवडत नाही काय? ती म्हनते तसं नाही जी, सिस्टरनं जसं सांगतलं ना, शक्कर उतरली का कसं होते, ते अगदी असंच दिसते. मी म्हनलं, वयनी, तं मग फुकटची प्रॅक्टिस होऊन राहिली. असा मी शहाना.

सारं घडलं तो दिवस पोळ्याचा होता. पुढच्या वर्साचा पोळा. पोळा आमच्याकडं बी आन छत्तीसगढ्यायकडं बी, आपआपल्या गावी बैल सजवतात. मी पयल्या पाळीले, सकाळी भोंग्यावर सुई घेतली, भाकर खाल्ली, डब्बा घेतला. वयनी म्हने दोन वाजता या, पुरनपोळी तुमाले नाही पन कटाची आमटी ठेवतो. डब्बा दहाले खाऊन टाकला. दोन वाजले, भोंगा झाला, दुसरी पाळीच आली नाही. अर्धे गावाले गेले, अर्धे दारू पेऊन पडले असतील. आन भट्टीचा कायदा असा आहे का बदली आल्याबिगर जागा सोडता येत नाही, लोखंड कोनासाठी थांबत नाही. बंगाली फोरमन आला, केशोब, कोई नहीं जायेगा, डबल करेगा सोब. मी म्हनलं साहेब, जेवन करून येऊ? अरे, पीछे खाना, अभी टैपिंग है, म्हंजे भट्टीचं तोंड फोडून लोखंड काढायचं आहे. मी मनात म्हनलं, खडीसाखर आहे खिशात. पन खिसा कमिजाले आन कमीज लटकली होती पार तिकडं आरामशेडात, अंगावर भट्टीपुढचा जाड कोट. म्हनलं हे एक लोखंड काढू आन मग जाऊ.

ते लोखंड निघालं, वाहून गेलं. मी नालीच्या काठानं चाललो होतो आन जमीन थोडी हलल्यासारखी झाली. घाम आला, म्हनलं भट्टी आहे. हात थरथरले, म्हनलं काम झालं. पाहा ना, परत भट्टीच उत्तर देऊन राहिली. मग मले समजलं. समजलं हे मले पक्कं आठवते, सिस्टरचा आवाज कानात आला, सुईले डोळे नसतात. मी मेटकडं निघालो, गुळाचा डब्बा तिथं. म्हनाले गेलो, मेट, गूळ दे, आन तोंडातून निघालं भलतंच, गूट दे मेळ. आन पाय वाकडे पडले.

सारी गँग हसली.

काय सांगू तुमाले. मी पाहून राहिलो, सारे दात काढून हसून राहिले. पोळ्याच्या दिवशी डबल करावं लागलं म्हनून चिडले होते, आता त्यायले आनंद झाला. वा रे नकल्या, कोनी शिट्टी वाजवली, कोनी म्हनलं आज तं लय भारी करून राहिला. मी म्हनलं खरं आहे, खरं आहे, तं ते अजून हसले, काऊन का माहा दारुड्या नेहमी तेच म्हने, खरं आहे, मी प्यालो नाही, खरं आहे. मी नालीच्या काठावर झोकांडी खाल्ली, खालून लाल, टाळ्या पडल्या. मी कसातरी डब्ब्यापावतो पोचलो, झाकन उघडलं, ढेकूळ हातात घेतलं.

आन बिसाहूनं हात धरला.

तो हसत नव्हता, एकटा तोच हसत नव्हता. त्यानं माहा हात धरला तं दचकला, काऊन का हात गार होता, आन भट्टीपुढं कोनाचा हात गार नसते. त्याले समजलं का ही नकल नाही, ही ती बिमारी आहे, जिच्यात गूळ जहर. तो ओरडला, नइ, नइ ग, झन खा, मर जाबे, म्हंजे खाऊ नको, मरशीन. मी म्हनलं दे. तो म्हनते झन खा. मी ताकद लावली, त्यानं माह्याहून जास्त लावली. माह्या मुठीतून एक एक बोट उचलून त्यानं गूळ काढून घेतला आन वाहत्या नालीत फेकला, त्याचा जळका वास आला, गोड. मी रडून राहिलो, तो रडून राहिला. मी त्याले चावलो मास्तर, त्याच्या मनगटाले अजून दाताची खून आहे. त्यानं मले खाली पाडलं, माह्या छातीवर बसला, दोन्ही हात धरले, आन मेटले म्हनते, येला गूळ झन देबे, याले गूळ देऊ नको. आन बाकीच्यायले वाटलं बिसाहू बी नकल कराले शिकला. त्याच्यापुढचं मले माहीत नाही.

पुढचं दादानं सांगतलं, ते बी तीन शब्दांत, बाकीचं वयनीकडून समजलं. दोनच्या भोंग्यानंतर वयनी दारात उभी. अडीच झाले, मी नाही. ती पुरन चुलीवर टाकून तशीच निघाली, गेटवर गेली, गेटवरचा शिपाई म्हनते बाईले आत जाता येत नाही. ती तिथं अशी ओरडली म्हनते का शिपाई उठून उभा राहिला. दादाच्या वर्कशापात निरोप गेला, दादा पान्हा फेकून धावला. आला तं काय पाहते, मी खाली पडलो, डोळे पांढरे, बिसाहू छातीवर, आन चार जन अजून बी हसून राहिले. दादा कधी माही नकल पाहून हसला नव्हता, त्यानं एका हातानं बिसाहूले बाजूले फेकलं, त्या धिप्पाड मानसाले, आन गूळ चोळून चोळून माह्या हिरड्याले लावला, गालाच्या आतून लावला, मले कुशीवर वळवून. मग गाडी आली, डाक्टरनं नसेत ग्लुकोज दिलं. मी डोळे उघडले तं म्हनते पयला शब्द मी खराशो म्हनलो. मले नाही आठवत. म्हनलो असन तं नर्सा हसल्या असतील.

पुढं काय, झालं तेच जे व्हायचं होतं. भट्टीपुढून काढलं. घरी नाही पाठवलं, फोरमन मधात पडला, म्हने केशोब को स्टोर में डालो, आन मी इतके डाव त्याची नकल केली होती. आता स्टोरमधी पान्हे आन दस्ताने वाटतो, पक्का झालो.

बिसाहू काम सोडून गेला. त्याले कोनी सांगतलं का डाक्टर म्हनला गूळ दिला असता तं झालंच नसतं, आन तो पगाराचा हिसाब घ्याले बी नाही आला, उतईले जाऊन बसला. मी गेलो उतईले. त्याची माय म्हनते घर मा नइ हे, आन मागून त्याचे पाय दिसून राहिले. मी तिथंच आंगनात बसलो आन त्याची नकल केली, बारीक आवाजात, मोर किरिया हे. मग आला बाहेर. मारन असं वाटलं. समोर बसला, मनगट झाकून. मी त्याले सारं सांगतलं, आधी सांगायचं राहिलं ते, का भाई, तोच गूळ कवा जहर आन कवा औषध. त्यानं सारं ऐकून घेतलं, आन मग एक गोष्ट इचारली. म्हने, मैं कइसे जानहूँ? मले कसं समजन का आज कोनता दिवस आहे? मास्तर, मलेच कधी कधी समजत नाही. मग म्हनलं, शंका आली तं दे. गूळ जास्त झाला तं मी हळूहळू मरीन, कमी झाला तं तवाच मरीन. हळूवालं बरं. तो आला वापस, महिन्याभरानं. आता जेवनाच्या सुट्टीत स्टोरच्या दारात येऊन उभा राहते आन माह्या तोंडाकडं पाहत राहते. मी शिंकलो तरी त्याचा हात खिशात जाते. दोन डाव त्यानं फुकटच गूळ चारला, वयनीची निळी नळी संध्याकाळी लाल झाली, वयनी चिडली. पन मी त्याले काही नाही म्हनलं. त्यानं नकलेवर हसनं बंद केलं, आता साऱ्यायच्या नंतर बी हसत नाही.

दारुड्याची नकल मी सोडली. पन स्टोरमधी नवीन पोट्टे येतात, त्यायनं नाव ऐकलं असते, म्हनतात नकल्या दादा, ते दाखवा. मी म्हनतो ऐका, मले शक्करची बिमारी आहे, मी असा असा कराले लागलो तं गूळ द्या. आन कसा कसा ते दाखवावं लागते ना? दाखवलं का हसतात. मी म्हनतो खरं आहे, खरं आहे. अजून हसतात.

तुमी बी हसले आता. हसा, हसा, मी तसंच सांगतो ना.

थांबा मास्तर. भोंगा कवा झाला? सुई तं मी तुमी यायच्या आधीच घेतली होती, बोलता बोलता जेवन राहून गेलं. हात पाहा. नाही, नकल दाखवून नाही राहिलो. ते लिहनं खाली ठेवा. हसू नका जी, वयनीले हाक मारा, म्हना, भाऊजी म्हनतात, खरं आहे.

... झालं. बसा, बसा, घाबरू नका. गूळ आन वरून भाकर पोटात गेली का पाच मिनिटांत मानूस वापस येते. तोंड धुतो. तुमचं तोंड पांढरं पडलं, तुमीच घ्या थोडा गूळ. तुमी पयले हसले, ते मी पाह्यलं, त्याचं काही नाही, सारे हसतात. पन मग हाक मारली. उशिरा मारली, पन मारली. तुमचं घरदार सुखी राहो. लिहा आता, आन हे बी लिहा.